खडखड गिअरबॉक्सची, दुखणे शेजाऱ्याचे

शिडाच्या नौकेत इंजिनाला एरवी दुय्यम स्थान असते. पण वारा पडला, अरुंद बंदरात शिरायचे असले किंवा प्रवाह नौकेला खडकांकडे ओढू लागला, की सगळी भिस्त त्याच्यावरच असते. म्हणून इंजिनघरातून एके दिवशी अनोळखी खडखड किंवा घरघर सुरू झाली की मालकाच्या पोटात गोळा येतो, आणि संशयाची सुई बहुतेक वेळा गिअरबॉक्सवर जाऊन थांबते. आवाज तिथूनच येतो असे वाटते, आतले काही दिसत नाही, आणि वस्तू महाग असते. आरोपी ठरायला एवढे पुरते. मग गिअरबॉक्स खोलला जातो, बेअरिंगे बदलली जातात, कधी तर नवाच आणून बसवला जातो, आणि थोड्याच दिवसांत तीच खडखड परत ऐकू येते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. या लेखाचे म्हणणे असे, की आवाज कुठून येतो हा प्रश्न निदानाच्या सुरुवातीला फारसा उपयोगाचा नसतो. तो केव्हा येतो, केव्हा बदलतो आणि केव्हा थांबतो, हे आधी विचारले पाहिजे. या क्रमाने गेले तर पाना हाती घेण्याआधीच बरेचसे संशयित सुटतात, आणि जो उरतो त्याच्याविरुद्ध पुरावा असतो.

त्यासाठी आधी मांडणी पाहू. डिझेल इंजिनाच्या मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असते. फ्लायव्हीलवर बोल्टने आवळलेली, स्प्रिंगा किंवा रबर असलेली एक तबकडी असते, ती डँपर प्लेट. तिच्या मधल्या दातेरी भोकात गिअरबॉक्सचा आत येणारा शाफ्ट बसतो. गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाला कपलिंगची चकती, तिला जोडलेला लांब शाफ्ट, शाफ्ट जिथून नौकेच्या बाहेर पडतो तिथे पाणी अडवणारे पॅकिंग किंवा सील, पाण्याखाली रबराचे अस्तर असलेले कटलेस बेअरिंग आणि शेवटी पंखा. गिअरबॉक्सची कामे तीन: इंजिनाचे फेरे कमी करून पंख्याला देणे, उलटी दिशा देणे आणि दोघांना वेगळे ठेवणे. यान्मारच्या दोन सिलिंडरच्या २जीएम२० या इंजिनाबरोबर सर्रास दिसणारा केएम२पी गिअरबॉक्स उदाहरणादाखल घेऊ. पुढच्या दिशेला त्याची गुणोत्तरे 2.21, 2.62 किंवा 3.22 मिळतात, आणि मागच्या दिशेला 3.06. त्यात शंकूच्या आकाराचा क्लच असतो. हर्थच्या, म्हणजे आता झेडएफच्या, छोट्या गिअरबॉक्समध्ये चकत्यांची चळत असते. घडण वेगळी असली तरी एक गोष्ट दोन्हींत सारखी आहे. पुढचे आणि मागचे गिअर सतत एकमेकांत अडकलेलेच असतात आणि इंजिन चालू असले की न्यूट्रलमध्येही फिरतात. क्लच फक्त कोणत्या गिअरने बाहेरचा शाफ्ट फिरवायचा हे ठरवतो. पुढच्या सगळ्या तर्काची किल्ली या एका गोष्टीत आहे.

आता कान का फसतो ते पाहू. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, तर पोलादात पाच हजार मीटरपेक्षा जास्त, आणि वाटेत फारसा क्षीणही होत नाही. पंख्याजवळच्या बेअरिंगचा ठोका शाफ्टमधून क्षणात कपलिंगपर्यंत पोचतो. तिथे त्याला एक पोकळ, पातळ भिंतीचे, इंजिनाला घट्ट जोडलेले धातूचे खोके भेटते, आणि तेच तो ठोका हवेत मोठ्याने सोडते. इंजिनाचे हादरे पुढून येऊन त्याच खोक्यात शिरतात. त्यातच फायबरग्लासचा सांगाडा आणि इंजिनाभोवतीच्या प्लायवूडच्या फळ्या ठराविक कंपनांना साथ देतात. म्हणजे गिअरबॉक्स हे दोन्ही बाजूंच्या आवाजांचे जाहीर व्यासपीठ होते. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावून टोक गिअरबॉक्सच्या घरावर, म्हणजे बाहेरच्या खोक्यावर, टेकवण्याची मेकॅनिकची पद्धत चांगलीच आहे. दोन ठिकाणांची तुलना करायला ती उपयोगी पडते. पण तिने कळते ते आवाज कुठे जोरात ऐकू येतो एवढेच. तो कुठे जन्मला हे त्यावरून ठरत नाही.

सर्वांत जास्त वेळा गिअरबॉक्सच्या नावावर खपणारा आवाज म्हणजे आयडलिंगची खडखड. डिझेल इंजिन एकसारख्या जोराने फिरत नाही. सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला धक्का बसतो, पुढच्या दाबाच्या वेळी तो मंदावतो. दोन सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात सरासरी प्रत्येक फेऱ्याला एक धक्का. मिनिटाला 850 फेरे असताना सेकंदाला साधारण चौदा. या वेगाला फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा थोडी असते, त्यामुळे प्रत्येक धक्क्याबरोबर फेऱ्यांचा वेग वरखाली होतो. गिअरच्या दातांमध्ये मुद्दाम ठेवलेली बारीक फट असते. शाफ्ट कधी पुढे झेपावला, कधी मागे राहिला, की दात त्या फटीच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटतात. जात्याचा खुंटा सैल झाला की प्रत्येक फेऱ्याला खडखडतो, पण त्याने जात्याचे पाळे खराब झालेले नसते. इथे तसेच असते. हे आपटणे शोषून घेण्यासाठीच डँपर प्लेट असते. तिची स्प्रिंग मोडली, रबर कडक होऊन तडकले किंवा मधल्या भोकाचे दाते झिजले की शोषणारे कोणी उरत नाही, आणि तिचे तुकडेही आपला आवाज त्यात मिसळतात. वेग वाढवला की धक्के जवळजवळ येतात, फ्लायव्हील त्यांना सपाट करते. गिअर टाकला की पंख्याचा भार दातांना एका बाजूला दाबून ठेवतो. म्हणून आयडलिंगला न्यूट्रलमध्ये खडखड, वेग वाढवल्यावर किंवा गिअर टाकल्यावर ती कमी, हे लक्षण आधी डँपर प्लेटकडे आणि इंजिनाच्या आयडलिंगकडे बोट दाखवते. एखाद्या सिलिंडरचा इंजेक्टर नीट फवारत नसेल किंवा डिझेलमध्ये हवा शिरली असेल तर धक्के विषम होतात आणि चांगली डँपर प्लेटही कुरकुर करते. तेव्हा इंजिन आयडलिंगला सुरळीत चालते की नाही आणि त्याचे फेरे पुस्तकात दिलेले आहेत की नाही, हे गिअरबॉक्सला हात लावण्याआधी पाहायचे.

इथे एक आक्षेप येतो: आयडलिंग थोडे वाढवून आवाज घालवणे म्हणजे दुखणे झाकणेच नव्हे काय? उत्तर दोन्ही बाजूंनी आहे. फेरे मुळात ठरलेल्यापेक्षा कमी झाले असतील, तर ते जागेवर आणणे हाच खरा उपाय, कारण कमी फेरे हेच कारण होते. पण पुस्तकातली मर्यादा ओलांडून ते चढवले, तर गिअर टाकताना क्लचला दर वेळी जास्त झटका बसतो, आणि फुटलेली प्लेट आवाज न करता आणखी फुटत राहते. एक आवाज बंद करण्यासाठी दुसरा भाग झिजवण्यात शहाणपण नाही. जाड तेल किंवा बाटलीतली मिश्रणे ओतून गिअरबॉक्स शांत करण्याचा मोहही याच जातीचा. अनेक हर्थ गिअरबॉक्सना ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे लाल तेल लागते, तर केएम२पीला इंजिन ऑइल. क्लचची पकड आणि सुटका तेलाच्या गुणांवर ठरलेली असते. तेल बदलले तर आवाज जाईल, पण क्लच घसरू लागेल.

आता ‘केव्हा’चे प्रश्न क्रमाने विचारू. पहिला, न्यूट्रलमध्ये आवाज आहे का? असेल तर पंखा, बाहेरचा शाफ्ट, कटलेस बेअरिंग आणि कपलिंगची अलाइनमेंट बाजूला ठेवता येतात, कारण तेव्हा ते फिरतच नसतात. तेल चिकट असल्याने काही गिअरबॉक्समध्ये शाफ्ट न्यूट्रलमध्येही हळू फिरतो, एवढे मात्र पाहून घ्यावे. दुसरा, वेगाबरोबर आवाज चढतो का? आयडलिंगला नसलेली आणि फेऱ्यांबरोबर सुरेल शिट्टीसारखी चढत जाणारी घरघर गिअर किंवा बेअरिंगची असू शकते. ठराविक वेगालाच उठून पुढे विरणारा थरथराट बहुधा अनुनादाचा असतो, मग तो सैल माउंटिंगचा असो किंवा एखाद्या फळीचा. तिसरा, पुढे आणि मागे यांत फरक आहे का? दोन्ही बाजूंचे गिअर न्यूट्रलमध्येही फिरत असल्यामुळे, न्यूट्रलमध्ये शांत असून फक्त पुढच्या दिशेला आवाज येत असेल तर तो भार आल्यावरच बोलणाऱ्या भागाचा असणार. मागच्या दिशेला तोच भार असून आवाज नसेल, तर पुढच्या बाजूचा क्लच किंवा गिअर संशयात राहतो. चौथा प्रश्न फक्त शिडाच्या नौकेलाच विचारता येतो. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, नौका शिडांवर वेगात. स्थिर पात्यांचा पंखा पाण्याच्या जोराने फिरू लागतो. तेव्हा इंजिन आणि डँपर प्लेट रंगमंचावर नसतातच. अशा वेळी घरघर असेल तर ती गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगापासून पंख्यापर्यंत कुठेतरी आहे. मोटारबोटवाल्याला असा प्रयोग करता येत नाही. मिटणाऱ्या पात्यांचा पंखा असलेल्या नौकेवरही तो जमत नाही, कारण इंजिन बंद होताच पाती मिटतात.

याच विचाराला थोडी अंकगणिताची जोड दिली तर पुरावा आणखी पक्का होतो. 2.62 गुणोत्तराचा गिअरबॉक्स असलेले इंजिन मिनिटाला 2,620 फेऱ्यांवर चालवले तर शाफ्ट पुढच्या दिशेला बरोबर 1,000 फेरे करतो. सेकंदाला सुमारे सतरा. तोच वेग ठेवून मागचा गिअर टाकला, तर 3.06 गुणोत्तरामुळे शाफ्टचे फेरे 856 वर येतात. इंजिनाचा वेग तोच, शाफ्टचा मात्र जवळजवळ सातव्या भागाने कमी. ठोक्यांची गती पुढे-मागे सारखीच राहिली तर त्यांचा उगम इंजिनाकडच्या बाजूला, आणि शाफ्टबरोबर ती मंदावली तर मागच्या बाजूला. तीन पात्यांचा पंखा 1,000 फेऱ्यांवर सेकंदाला पन्नास वेळा पाणी कापतो. तो आवाज खर्जातल्या गुणगुणीसारखा लागतो. गिअरच्या दातांची संख्या फेऱ्यांनी गुणली की सेकंदाला कित्येक शेकड्यांचा आकडा येतो, म्हणून दातांची घरघर नेहमी उंच पट्टीत असते. फोनवर ध्वनीचा आलेख दाखवणारी साधी अॅप्स आता कोणालाही मिळतात; त्यात कोणत्या आकड्याला शिखर उठते ते पाहून हा हिशेब ताडता येतो. फक्त ही चाचणी बंदरात दोरखंड पक्के बांधून, दोन्ही दिशांना कमी वेळात करावी. नौका जागच्या जागी असताना पंख्याभोवतीचे पाणी खवळलेले असते आणि त्याचा स्वतःचा गोंगाटही कानी पडतो. बांधलेल्या नौकेवर इतके फेरे जड जात असतील तर कमी फेऱ्यांवर करावी, प्रमाण तेच राहते.

एवढे करूनही संशय पुढे-मागे झुलत असेल, तर कपलिंगचे बोल्ट काढून दोन्ही चकत्या वेगळ्या कराव्यात, शाफ्ट थोडा मागे सरकवून बांधून ठेवावा आणि गिअर टाकून इंजिन हलकेच चालवावे. शाफ्ट मागे घसरून सुकाणूला भिडू नये किंवा सीलमधून निसटून पाणी आत येऊ नये म्हणून त्यावर आतल्या बाजूला घट्ट क्लँप लावायलाच हवा, आणि उघड्या फिरणाऱ्या चकतीजवळ सैल कपडे किंवा हात नेऊ नये. या प्रयोगाचा निकाल वाचताना मात्र सावध राहिले पाहिजे. शाफ्ट सुटा असतानाही आवाज तसाच राहिला, तर कपलिंगच्या मागचे सगळे निर्दोष ठरतात. पण आवाज गेला म्हणून गिअरबॉक्स निर्दोष ठरत नाही. भार नसताना झिजलेले बेअरिंगही शांत फिरू शकते, आणि पंख्याचा जोर शाफ्टमधून ज्या बेअरिंगवर येतो, तो जोरच आता उरलेला नाही. अनेक निदाने चुकतात ती याच ठिकाणी, कारण एका दिशेचा पुरावा दोन्ही दिशांना लागू केला जातो. त्यामुळे आवाज गेला तर पुढची तपासणी मागच्या बाजूची करायची, पण गिअरबॉक्सचे नाव यादीतून खोडायचे नाही.

गिअरबॉक्सच्या आतला खरा साक्षीदार म्हणजे त्याचे तेल. केएम२पीमध्ये ते जेमतेम 300 मिलिलिटर असते. काढून पांढऱ्या भांड्यात ओतायला काही मिनिटे लागतात. आधी पातळी पाहावी, आणि तीही पुस्तकात सांगितल्या रीतीने, कारण काही गिअरबॉक्समध्ये मोजपट्टी आट्यांत न फिरवता नुसती टेकवून पातळी वाचायची असते. मग रंग आणि वास. लाल तेल तपकिरी-काळे होऊन करपट वास येत असेल तर क्लच घसरून तापला आहे. दुधट तेल म्हणजे पाणी शिरले आहे. तेल थंड करणारा कूलर असेल तर त्याच्या नळीतून, नाहीतर झिजलेल्या सीलमधून. पाणी शिरलेल्या गिअरबॉक्समध्ये बेअरिंगांना गंज चढतो, आणि मग घरघर अपघाती राहत नाही. तेलात फिरवलेल्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी मऊ चिखलट भुकटी चिकटणे हे साध्या झिजेचे लक्षण. तिच्यात नखाला टोचणारे कण किंवा खपल्या असतील तर गिअर किंवा बेअरिंग तुटू लागले आहे. चुंबकाला न चिकटणारे पिवळसर कण ब्राँझच्या भागांचे, पांढरट कण अॅल्युमिनियमच्या घराचे असतात. तेल स्वच्छ, वास नाही, कण नाहीत. तरीही गिअरबॉक्स खोलायचा असेल तर खोलणाऱ्याकडे त्यापेक्षा वजनदार पुरावा हवा.

क्लच घसरण्याचे कारणही पुष्कळदा गिअरबॉक्सच्या बाहेरच सापडते. कॉकपिटमधली मूठ आणि गिअरबॉक्सवरचा छोटा दांडा यांच्यामध्ये एक केबल असते. ती ताणली, गंजली किंवा तिचे टोक सैल झाले की मूठ पूर्ण पुढे गेली तरी दांडा अर्ध्यातच थांबतो. क्लच अर्धवट पकडतो, कुरकुरतो, तापतो, आणि शेवटी जळतो. केबल सुटी करून इंजिन बंद असताना दांडा हाताने दोन्ही टोकांपर्यंत हलवावा, मग केबल जोडून मूठ तिथपर्यंतच नेते का ते पाहावे. न्यूट्रलपासून दोन्ही बाजूंना हालचाल सारखी आणि पुरेशी झाली पाहिजे. दहा मिनिटांची ही तपासणी वगळून क्लचच्या चकत्या बदलल्या, तर नव्या चकत्यांचीही तीच गत होते.

मागच्या बाजूचे पुरावे इंजिनघरात आणि पाण्याखाली मिळून असतात. कपलिंगच्या दोन चकत्या समांतर आणि एका रेषेत हव्यात. बोल्ट काढून त्यांच्यामधली फट चारही बाजूंनी फीलर गेजने मोजतात. 100 मिलिमीटर व्यासाच्या चकतीला सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान फटीत 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. त्याहून जास्त वाकडेपणा असला की शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात किंचित वाकतो, गिअरबॉक्सचे मागचे बेअरिंग आणि सील रोज मार खातात, आणि काही महिन्यांनी घरघर गिअरबॉक्समध्ये ऐकू येऊ लागते. वाकडेपणा येतो कुठून? इंजिनाची रबरी माउंटिंग डिझेल आणि तेल पिऊन मऊ होतात, बसतात. एखाद्याचा नट सैल होतो. लवचिक कपलिंग बसवले की अलाइनमेंटची काळजी मिटते, असा समज आहे. ते कंपने कमी करते, हे खरे. पण वाकडेपणा पचवण्यासाठी ते नसते, आणि पचवता पचवता स्वतः संपते. कटलेस बेअरिंगमधला प्ले नौका पाण्याबाहेर असताना शाफ्ट हाताने वरखाली करून कळतो. पंख्याची वाकलेली पाती, त्यांच्यावर वाढलेले शिंपले, अडकलेली दोरी किंवा जाळ्याचा तुकडा यांनीही नौकेचे शेपूट थरथरते, आणि तो थरथराट गिअरबॉक्सवर हात ठेवला की हाताला लागतो.

या मोजमापात वेळेचेही भान हवे. ओढून जमिनीवर काढलेल्या नौकेचा सांगाडा आपल्या आधारांवर वेगळ्या रीतीने टेकलेला असतो, पाण्यात तो चहूबाजूंनी तोलला जातो. शिडाच्या नौकेत डोलकाठीचे ताणलेले दोरही त्याला किंचित वाकवतात. म्हणून अंतिम अलाइनमेंट नौका पाण्यात एक-दोन दिवस राहिल्यावरच करतात. कोकणातल्या यांत्रिक मासेमारी नौकांची मांडणी हीच: आत बसवलेले डिझेल इंजिन, गिअर, शाफ्ट आणि पंखा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशा मासेमारी बंदीच्या काळात त्यातल्या अनेक वर ओढल्या जातात आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पाण्यात उतरतात. हंगाम सुरू होताना ज्यांचा गिअर ओरडू लागतो, त्यांनी किनाऱ्यावर असताना केलेली अलाइनमेंट पाण्यात परत तपासणे हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे. सेलड्राइव्ह असलेल्या नौकेत, म्हणजे जिच्या गिअरबॉक्सचा खालचा पाय थेट पाण्यात उतरतो तिच्यात, लांब शाफ्ट आणि अलाइनमेंट यांचा प्रश्नच उरत नाही. पण पायाचे सील सतत पाण्यात असल्याने दुधट तेलाचा पुरावा तिथे दुप्पट गंभीर मानावा.

यावर अनुभवी माणूस म्हणेल, की तीस वर्षे इंजिनांत घालवलेल्या कानाला हे सगळे एका मिनिटात कळते. कान आवाजाची जात ओळखतो, हे खरेच: बेअरिंगची घरघर, दातांची शिट्टी, सैल बोल्टचा ठोका. पण जात ओळखल्याने जागा कळत नाही, आणि एकाच जातीचे बेअरिंग गिअरबॉक्समध्ये, अल्टरनेटरमध्ये आणि पाण्याच्या पंपातही असते. पट्टा काढून अर्धा मिनिट इंजिन चालवले की अल्टरनेटर निर्दोष की दोषी हे कोणत्याही कानाशिवाय ठरते. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: छोटा गिअरबॉक्स दुरुस्त करण्याची मजुरी नव्याच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर एवढी छाननी कशाला, सरळ बदलावा. यात तथ्य आहे, पण किंमत नीट मांडली तर नाही. आधीचा गिअरबॉक्स वाकड्या अलाइनमेंटने, तुटक्या डँपर प्लेटने किंवा अर्धवट केबलने मेला असेल तर नवाही त्याच वाटेने जाईल. फक्त या वेळी आवाज यायला काही महिने लागतील आणि तोवर हमीचा काळ संपलेला असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्याने चोऱ्या थांबत नाहीत. बदलायचे ठरले तरी छाननी वाचत नाही.

पुराव्याने गिअरबॉक्सच दोषी ठरला, तर काम काय? मोठ्या इंजिनाच्या मानाने काम आटोपशीर असते, जागा मात्र अडचणीची. बॅटरीची तार सोडून तेल काढायचे, कपलिंग, केबल आणि कूलर असेल तर त्याच्या नळ्या सुट्या करायच्या, इंजिनाच्या मागच्या बाजूला आधार द्यायचा, आणि घराचे बोल्ट काढून गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा. तिरका ओढला तर शाफ्टचे दाते आणि डँपर प्लेट दोन्ही दुखावतात. बाहेर आल्यावर डँपर प्लेट समोरच दिसते. ती जुनी असेल तर चांगली दिसली तरी बदलावी, कारण प्लेट स्वस्त आणि तिथवर पोचण्याचे कष्ट महाग. शाफ्ट हाताने फिरवून बेअरिंगमधली खरखर, आत-बाहेर ढकलून प्ले तपासावा. आतली बहुतेक बेअरिंगे प्रमाणित मापांची असतात. त्यांच्यावर कोरलेल्या क्रमांकावरून बेअरिंगच्या दुकानात ती मिळू शकतात, फक्त दर्जा आणि मोकळीक यांचा वर्ग तोच घ्यावा. शंकूच्या आकाराच्या रोलर बेअरिंगांचा दाब पातळ शिमांनी ठरवलेला असतो. तो अंदाजाने बसवला तर नवी बेअरिंगे तापून जातात. गिअरच्या दातांवर खड्डे पडलेले असतील, किंवा पाणी शिरून घरातल्या बेअरिंगांच्या जागाच खराब झाल्या असतील, तर दुरुस्तीपेक्षा नवा गिअरबॉक्स खरोखरच शहाणपणाचा. असा निर्णय पुराव्यावर घेतलेला असतो, म्हणून तो खर्च पटतो.

एक मर्यादा मान्य केलीच पाहिजे. सगळे आवाज सावकाश चौकशीची मुभा देत नाहीत. अचानक उठलेला दगड भरडल्यासारखा आवाज, गिअरबॉक्सला हात लावता न येण्याइतकी उष्णता, किंवा इंजिन वेग घेते पण नौका पुढे जात नाही. अशा वेळी इंजिन बंद करून शिडांवर यावे, कारण पुढची दहा मिनिटे चालवणे म्हणजे दुरुस्त होणारी वस्तू भंगारात घालणे. शिडावर जाताना गिअर कुठे ठेवायचा, हेही आवाजाशी जोडलेले आहे. यान्मार इंजिन बंद असताना गिअर न्यूट्रलमध्ये ठेवायला सांगते. पंख्याचे फिरणे थांबवण्यासाठी पुढचा गिअर टाकून ठेवण्याची सवय क्लचला नुकसान करू शकते. प्रत्येक गिअरबॉक्सचे पुस्तक याबाबत काय म्हणते ते वाचून तेच पाळावे, कारण न्यूट्रलमध्ये फिरत्या शाफ्टचा आवाज ऐकवत नाही म्हणून केलेला उपाय उद्याच्या खडखडीचे कारण होऊ शकतो.

या सगळ्यातून दुरुस्तीची व्याख्याही बदलते. आवाज बंद झाला म्हणजे काम झाले, असे धरले तर जाड तेलही दुरुस्ती ठरेल. काम झाले असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा सुरुवातीच्या त्याच चाचण्या त्याच क्रमाने पुन्हा करून उत्तरे बदललेली दिसतात: न्यूट्रलमध्ये, दोन्ही दिशांना, त्याच फेऱ्यांना, शिडांवर, आणि शिवाय ज्या कारणाने भाग गेला ते कारण सापडून दूर झालेले असते. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक स्थितीतला आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून त्याच्यापुढे इंजिनाचे फेरे आणि गिअर लिहून ठेवावा. मेकॅनिक बदलला, बंदर बदलले, मधे वर्ष गेले, तरी तुलना करायला पुरावा हाताशी राहतो, आणि गिअरबॉक्स खोलायला निघालेल्या कोणालाही ‘का?’ असे विचारता येते.